फूल दिसल्याबिगर

महांतप्पा मामा गावात कुणाला फारसे आवडत नसत. मलाही आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आत्याचा नवरा म्हणून मामा म्हणायचं, एवढंच. अणदुरात त्यांचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं. दुकान कसलं, ओसरीवर मांडलेली पोती आणि डबे. गिऱ्हाईक हिरडा मागायला यायचं, की मामा तो उलटा करणार, सुलटा करणार, वास घेणार, दाताखाली धरून बघणार आणि मग पुडी बांधणार. तोवर गिऱ्हाइकाचा खोकला आपोआप बरा झालेला असायचा.

माझं सासर त्याच बोळात, त्यामुळे हे सगळं बघणं माझ्या कपाळी होतं. आत्याला, पार्वतम्माला, चाळिशीतच संधिवातानं धरलं. बोटं वाकली, गुडघे सुजले, आधी भाकरी थापणं गेलं, मग स्वतःची वेणी घालणंही गेलं. स्वतःच्या घरची चूल विझवायची आणि आत्याची पेटवायची, असं माझं चाललं होतं. थकून जायचे मी. आणि थकलेल्या माणसाला दुसऱ्याचा काटेकोरपणा सोसत नाही.

आत्याला उतार पडायचा तो एकाच गोष्टीनं, रास्नेच्या मुळ्यांच्या तेलानं. ही रास्ना आंब्याच्या फांदीला धरून वाढते. पानं पट्ट्यासारखी लांब, जाड मुळ्या हवेत लोंबतात. गाव तिला बांडगूळच म्हणायचं. मामा म्हणायचे, फांदीवर अशी दोन झाडं उगवतात आणि पानांवरून किंवा मुळ्यांवरून ती वेगळी काढता येत नाहीत. ओळख फक्त फुलात. मोठं फूल, मळकट पिवळ्या पाकळ्या, आतून तपकिरी रेघांच्या चौकड्या, पाठीमागून पांढऱ्या, आणि खालची जिभेसारखी पाकळी जांभळट, तर ती खरी रास्ना. फूल लहान आणि पाकळ्यांवर एकही रेघ नाही, नुसतं पिवळं, तर ती दुसरी. कोमेजलेलं फूल मामा हिशेबात धरत नसत, कारण सुकताना सगळीच फुलं तपकिरी पडतात.

आता फूल येणार उन्हाळ्यात आणि मुळ्या काढायच्या पावसाळा सरल्यावर, त्या रसरशीत झाल्या की. तेव्हा फुलाचा पत्ता नसतो. वाळकी बोंडं असतात, पण दोन्हींची बोंडं सारखीच, असं मामा म्हणायचे. म्हणून दर वैशाखात ते ओढ्याकाठच्या आमराईत जायचे, झाडावर चढून फूल तपासायचे आणि खरी सापडली की तिच्या फांदीला जुन्या धोतराची चिंधी बांधून यायचे. पाल्यात लांबून दिसावी म्हणून चिंधी हळदीत बुडवलेली असायची. गरजेपुरत्या दोनचार सापडल्या की ते उतरायचे. वय झालेलं, सगळी आमराई चढत कोण बसणार?

या हट्टाला कारण नव्हतं असं नाही. एका उन्हाळ्यात मामांना हिवताप आला आणि चिंध्या बांधायच्या राहिल्या. तेव्हा नळदुर्गच्या बाजारात एका फिरस्त्याकडून त्यांनी मुळ्या घेतल्या. त्या तेलानं आत्याच्या हातांवर फोड आले, कातडं सोललं, रात्र रात्र ती विव्हळत होती. त्या मुळ्या कशाच्या होत्या देव जाणे. त्या दिवसापासून मामांचा एकच धोशा, "फूल दिसल्याबिगर मूळ न्हाय."

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांच्या धाकानं गावं रिकामी होऊ लागली. मामांनी वैशाखात नेहमीसारख्या चिंध्या बांधल्या आणि पुढच्याच महिन्यात आम्हीही बैलगाडीत बसून सरहद्दीपलीकडे, सोलापूरकडच्या एका नातलगाच्या गोठ्यात जाऊन पडलो. तिथंच तेलाची बाटली संपली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी गूळ वाटला. आत्यानं तो गूळ दुसऱ्याच्या हातून खाल्ला, तिच्या बोटांत खडा धरवत नव्हता.

दसऱ्याच्या सुमाराला परतलो. दुसऱ्याच दिवशी मामा टोपली घेऊन आमराईत निघाले. मीही बरोबर गेले, कारण मुळ्या घरात आलेल्या मला डोळ्यांनी बघायच्या होत्या.

आमराई पिवळी झाली होती.

अणदूर खंडोबाचं गाव. इथं पिवळं दिसलं की हात आपोआप कपाळाला जातो. सरहद्दीची वाट आमराईवरून जात होती. पहिल्यांदा गाव सोडणाऱ्यांनी फांदीला हळदीची चिंधी बघितली, नवसाचं झाड समजून आपलीही एक बांधली, घरदार सुखरूप राहू दे म्हणून. मागून येणाऱ्यांनी दोन बघितल्या. हात पोचेल तिथं आणि पोरं चढतील तिथं, जिथं रास्ना होती तिथं आणि नव्हती तिथंही, चिंध्याच चिंध्या. पावसानं सगळ्या सारख्याच फिकट केलेल्या. मामांना झाडं आठवत होती, पण एकेका झाडावर चार-पाच ठिकाणी तसल्याच पानांची बांडगुळं होती. त्यांनी चिंधीवर भरवसा ठेवला होता, फांदी लक्षात ठेवली नव्हती.

एका बुंध्याशी आमच्या गावची सारजाबाई मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. मामांनी फांदीला हात लावताच ती उठली. "महांतप्पा, द्येवाच्या झाडाला हात लावू नका. माझा बलभीम आला न्हाय अजून."

पहिली चिंधी देवाची नव्हती, आपल्या धोतराची होती, हे मामांनी तिला सांगितलं नाही. "बरं बाई," म्हणाले आणि रिकामी टोपली घेऊन फिरले.

वाटेत मी भांडले. "कुठलीबी काढा की! सारजाबाई काय राखण करतीय का रातंदिस?"

"आन् दुसरी निघाली तर? पुन्यांदा कातडं सोललं तर?"

"न्हाय निघायची."

"तू फूल बघितलंस?"

मामांनी थेट तुळजापूरपर्यंत माणसं विचारली. मुळ्या आणून देतो म्हणणारे पुष्कळ होते, फूल दाखवणारा एकही नव्हता. आणि थंडी सुरू झाली. थंडीत आत्याचे सांधे असे ठणकायचे की पांघरुणाचं ओझंही तिला सोसत नसे. एकदा मी तिला पेज भरवत होते, तेव्हा ती मामांना म्हणाली, "अवं, कसलंबी तेल आना. जळू द्या हात. निदान ठनका तरी दुसरा व्हईल."

मामा तिच्या उशाशी बसले होते. "माज्या हातानं दोनदा न्हाय जाळायचो तुला," म्हणाले. "वैशाख येऊ दे. फूल बघतो आन् बांधून ठिवतो."

मला त्यांचा इतका संताप आला की मी वाटी आपटून घरी गेले. आत्या माघात गेली. तेलानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण ती थंडी तिला जरा कमी दुखली असती. मामा रडले नाहीत. तेराव्यानंतर ओसरीवर बसले आणि हिरडे उलटेसुलटे करू लागले.

वैशाखात एका सकाळी ओसरी रिकामी दिसली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं काही बरंवाईट केलं. धावत आमराईत गेले, तर मामा झाडावर. फुलं आली होती. ते एक फूल तोडत, उलटं करत, बघत आणि पुढच्या फांदीला हात घालत. आता कुणासाठी, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मग त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. "ही बी खरी. ही बी." मला तेव्हा कळलं, हा माणूस ती दुसरी, बिनरेघांची शोधतोय. ज्या हट्टापायी बायकोला तसंच तळमळत ठेवलं, तो हट्ट बरोबर होता म्हणायला एक तरी दुसरी निघावी, म्हणून चढतोय.

ऊन तापेपर्यंत एकही निघाली नाही. ओढ्याच्या कडेला शेवटचं झाड राहिलं. त्यावर चढायचं बळ मामांत उरलं नव्हतं.

"शिवकांता, तुजी नजर चांगली हाय," ते म्हणाले. "वरलं फूल बघ. निसतं पिवळं हाय न्हवं?"

मी वर बघितलं. रेघा मला खालूनच दिसत होत्या.

"व्हय मामा," मी म्हणाले. "निसतं पिवळं हाय. एकबी रेघ न्हाय."

त्यांचा चेहरा क्षणभर सैल पडला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी हात पुढं केला.

"पाड. हातात दे."

"कशाला मामा? सांगितलं ना मी?"

"पाड म्हन्तो न्हवं?"

मी काठीनं पाडलं. मामांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, वास घेतला. माझ्यावर रागावले नाहीत. बुंध्याला पाठ टेकून खाली बसले.

"कुठलीबी काढली असती तरी चाललं असतं गं," म्हणाले, आणि तोंड झाकून रडायला लागले.