थाळी वाजली की घागर घ्यायची

आमच्या गल्लीत पाणी साठत नाही, किस्से साठतात. ज्या गल्लीत नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं आणि तेही ठरल्या वारी येईलच याचा नेम नसतो, तिथं माणसं घरात कमी आणि ओट्यावर जास्त बसतात. ओट्यावर बसलं की बोलणं आलं, बोलणं आलं की भांडण आलं, आणि भांडण मिटलं की त्याचा किस्सा होतो. मी वाळूजला कंपनीत शिफ्ट करतो. कँटीनमध्ये सगळे गप्प बसले की मी गल्लीतली एखादी गोष्ट काढतो. लोकांना वाटतं मी रचून सांगतोय. एकदा येऊन राहा म्हणावं, फक्त येताना पाण्याची बाटली घेऊन या.

*

बजाजनगरातली भाड्याची खोली सोडून आम्ही इथं गुंठेवारीत प्लॉट घेतला, तेव्हा इथं ज्वारीचं रान होतं. एजंटानं रानात उभं राहून हात फिरवला. "इथून रोड, इथं गार्डन, तिकडं शाळा." घरं झाली. रोड आणि गार्डन अजून त्याच्या हातातच आहेत.

गल्लीला नाव नाही, घरांना नंबर नाहीत. पत्ता एकच, गयाबाईच्या शेळ्या. गयाबाई पिशोरकडची, मेंढपाळाच्या घरातली. नवरा वारला, मेंढरं विकली, आणि ती संतोषला, म्हणजे पोराला घेऊन शहरात आली. पण जनावराशिवाय तिला करमेना, म्हणून गल्लीच्या तोंडाशी शेळ्या बांधते. पाहुण्यांना आम्ही सांगतो, शेळ्या दिसल्या की डावीकडं तिसरं घर.

माझा साडू पहिल्यांदा आला तेव्हा दुपारी त्याचा फोन. "शेळ्या दिसल्या. पण इथं घरंच नाहीत."

गयाबाईनं त्या दिवशी शेळ्या टेकडीला चरायला नेल्या होत्या. साडूनं वाटेत विचारलं, शेळ्या कुठायत, आणि लोकांनी खरं ते सांगितलं. मी धावत गेलो तर साडू टेकडीच्या पायथ्याशी बॅग धरून उभा, आणि गयाबाई त्याला शेळीचे दात दाखवत होती. "बगा पाव्हणं, जवान हाय. घ्यायची आसंल तर सांगा."

*

आता थाळीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

गल्लीचा उतार जिथं संपतो तिथं जाधवमामांचं घर. नळाला पाणी आलं की पहिलं त्यांच्याकडं येतं. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारून पुकारून मामांचा आवाज कायमचा बसलेला. म्हणून पाणी आलं की ते किंवा मामी दारात येऊन स्टीलची थाळी वाजवतात. थाळी वाजली की गल्ली हातातलं काम टाकून पळते. मामांचा पाइप मात्र जुना. त्याच्या मधल्या सांध्यातून कारंजं उडतं, म्हणून मामी तिथं जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळते आणि पाणी जाईपर्यंत तो सांधा खांद्याशी धरून उभी राहते.

एका सकाळी थाळी वाजली. अशी वाजली की आजवर वाजली नव्हती. मी अर्धी दाढी केलेला, तसाच बादल्या घेऊन पळालो. माझ्या बायकोनं, सुनंदानं, गॅसवरची भाकरी तव्यावर सोडली. गयाबाईनं तर आधी सगळं शिळं पाणी लिंबाच्या झाडाला ओतलं, मग घागरी घेऊन निघाली.

मामांच्या दारात पोचलो तर नळ कोरडा आणि मामी रडतेय, हसतेय, थाळी बडवतेय. दवाखान्यातून फोन आला होता. सुनेला मुलगा झाला होता. मुलगा झाला की थाळी वाजवायची, ही आपली जुनी रीतच आहे. मामी आनंदात गल्लीची नवी रीत विसरली.

गल्ली रिकाम्या बादल्या घेऊन उभी. शेवटी गयाबाई म्हणाली, "पोरगा झाला, लई चांगलं झालं. पर मामी, आता आठ दिस मी पिऊ काय?"

आठवडाभर ती मामांच्याच ड्रममधून पाणी नेत होती. त्या पोराचं पाळण्यातलं नाव अथर्व, पण गल्लीनं वेगळंच ठेवलं. तो आता बालवाडीत जातो आणि बाईंनी नाव विचारलं की सांगतो, "टँकर."

तेव्हापासून गल्लीत ठराव आहे. पोरगा झाला तर गपचूप जिलेबी वाटायची. थाळी फक्त पाण्याची.

*

मध्ये आम्ही आधुनिक झालो. मी 'पाणी अपडेट' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. फोन वाजला की सगळे दचकून बघायचे. मामा रोज सकाळी सहाला 'शुभ सकाळ' पाठवायचे, आणि सोबत धबधब्याचा फोटो. ऐन दुष्काळात, रोज वेगळा धबधबा.

सुनंदा म्हणाली, "त्यांना काढा ग्रुपमधून, नाहीतर मी माहेरी जाते." मी काढलं. दुसऱ्या दिवशी मामा दारात. मला वाटलं भांडणार. ते बसक्या आवाजात म्हणाले, "मला काढलं ते ठीक आहे. आता पाणी आलेलं ग्रुपवर कोण सांगनार?"

ग्रुप बंद झाला. थाळी राहिली.

*

टँकर येतो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ड्रमची रांग लागते. माणसानं उभं राहायची गरज नाही, ड्रम मालकाच्या जागी उभा राहतो. रफीकभाई वेल्डर आहेत. त्यांचा ड्रम कोणीतरी मागं सरकवला, तेव्हा ते चिडले आणि त्यांनी ड्रम साखळीनं विजेच्या खांबाला बांधून कुलूप घातलं. टँकर आला, ड्रम काठोकाठ भरला, आणि किल्ली सापडेना. साखळी कापायची तर मशीन पाहिजे आणि लाइट गेलेली.

लाइट तीन दिवस आली नाही. तीन दिवस रफीकभाईंच्या घरची भांडी खांबाजवळ घासली गेली, पोरांच्या आंघोळी खांबाजवळ झाल्या. आम्ही हसायला लागलो तर रफीकभाई म्हणाले, "हसते कायकू? तुम लोगां पानी घर को लेको जाते. हम घर पानी के पास लेको आए."

*

हे सगळं हसण्यावारी जातं. पण गयाबाईच्या संतोषचं लग्न जमत नव्हतं, आणि ते हसण्यावारी जात नव्हतं.

पोरगा निर्व्यसनी, कंपनीत कामाला, घर स्वतःचं. तरी स्थळ यायचं आणि परत जायचं. मुलीकडचे पहिला प्रश्न तोच विचारायचे. "नळाला पानी कवा येतं?" पहिल्या पाहुण्यांना गयाबाईनं खरं सांगितलं. "येतं की. कवा कवा." ते चहा न संपवता उठले. दुसऱ्यांच्या वेळी ती काही बोललीच नाही. पण पाहुण्यानं पाय धुवायला दुसरा तांब्या मागितला आणि घरातल्या सगळ्यांची नजर एकदम ड्रमकडं गेली. पाहुणा शहाणा होता. त्यानं एकाच तांब्यात पाय धुतले आणि नंतर फोन उचलला नाही.

त्या दुपारी गयाबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. सुनंदानं चहा ठेवला, तो तिनं घेतला नाही. म्हणाली, "आमच्या बापजाद्यानं मेंढरं जन्मभर पान्याकडं नेली गं. मी एकुलत्या एका पोराला पान्यापासून लांब आनून बसवलं." आणि पदर तोंडाला लावला. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

म्हणून पिशोरकडून तिसरं स्थळ यायचं ठरलं तेव्हा गल्लीनं मनावर घेतलं. पाहुणे रविवारी येणार, पाणी बुधवारचं. रफीकभाईंनी टँकरचं पाणी गयाबाईच्या वरच्या टाकीत चढवून दिलं, म्हणजे नळ सोडला की धो धो. गल्लीतले सगळे ड्रम, बादल्या, घागरी आमच्या घरात लपवल्या. आम्हाला आमच्याच घरात शिरायला जागा उरली नाही. गयाबाईनं ओट्यावर सगळ्यांना दम दिला. "पान्याचं नाव कुनी काढायचं नाय."

*

पाहुणे आले. मुलीचे, म्हणजे रेखाचे, वडील कडुबाअण्णा, सोबत त्यांचे मेहुणे. अण्णा बोलायला कमी, बघायला जास्त. नळावर पाय धुतले, नळ उघडा ठेवून जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिले, मग बंद केला. गल्ली पाहुण्यांना सोबत म्हणून बैठकीत बसलेली. पोहे झाले, चहा आला. अण्णा म्हणाले, "घर बरं हाय." गयाबाईचा चेहरा उजळला.

आणि थाळी वाजली.

रविवारी पाणी! मामा इथं आमच्याजवळ बसलेले. घरी मामी एकटी, तिचा नळ खळखळला आणि सवयीनं तिचा हात थाळीवर गेला.

बैठकीत कोणी हललं नाही. रफीकभाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबले. सुनंदानं डोळे मिटले. बाहेर आठवड्याचं पाणी येत होतं आणि आम्ही कपातल्या चहाकडं बघत होतो.

अण्णांनी विचारलं, "ही थाळी कशापायी?"

गयाबाई म्हणाली, "ते व्हय... मामांना नातू झाला."

मामांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. तरी मान डोलावली. खिडकीबाहेर त्यांचा बालवाडीतला टँकर शेळीच्या पाठीवर बसायचा प्रयत्न करत होता.

"मंग चला की," अण्णा उठले आणि खिशातून नोट काढली. "आलोच हाय तर बाळाच्या हातावर काई ठिवतो."

त्यांना थांबवणार कोण? अण्णा पुढं, गल्ली मागं. मामांच्या घरात पाण्याचं भांडं म्हणून राहिलं नव्हतं, सगळं आमच्याकडं लपवलेलं. मामीनं कुकर भरला होता, परात भरली होती, पिठाचा डबा रिकामा करून तो भरत होती. आणि नेहमीसारखी फडक्यात गुंडाळलेला पाइपाचा सांधा खांद्याशी धरून उभी होती. फडकं भिजून थेंब गळत होते.

अण्णांनी मामीकडं पाहिलं. फडक्याकडं पाहिलं. मग वळून आमच्याकडं पाहिलं. सगळी गल्ली दारात उभी, नळ वाहतोय, आणि एकाच्याही हातात घागर नाही. गयाबाई भिंतीला धरून उभी होती.

अण्णांनी दोन बोटांनी फडकं जरा बाजूला केलं, आत वाकून बघितलं आणि हातातली नोट मामीच्या मुठीत दिली.

"बाळ चांगलं गुटगुटीत हाय," ते गयाबाईला म्हणाले. "आमच्या रेखाला सांभाळता यील."