डाव्या टायरची बाहेरची कड

बापूच्या गॅरेजात गाड्या कमी आणि माणसं जास्त. बाहेर एक बाक होता. तिथे कोणी काही ठरवून बोलत नसे, पण उठताना प्रत्येकजण एखादा किस्सा घेऊनच घरी जायचा. आज त्यातले फक्त एका टायरचे सांगतो. सगळे सांगत बसलो तर तुमची जेवणं राहतील.

आधी डॉक्टर. ठाण्यात दवाखाना, अंगाने भरलेले, स्वभावाने गरीब. पण त्यांच्याकडे दोन सीटची उघडी विलायती गाडी होती आणि तिच्यात बसले की हा माणूसच वेगळा व्हायचा. कल्याणच्या पुढे लढाईच्या वेळची विमानांची धावपट्टी ओस पडलेली. महिन्यातल्या एका रविवारी मुंबईचे हौशी लोक तिथे रिकामी पिंपं मांडून गाड्या पळवायचे. आमचे डॉक्टर कायम शेवटून दुसरे. शेवटचा असायचा त्याची गाडी बंद पडलेली असायची.

घरी कमलवहिनींची एकच अट होती. "टायर आहेत तोवर गाडी. टायर संपले की विकायची." डॉक्टरांनी शब्द दिलेला. त्या मापाचे टायर विलायतेहून यायचे, आणि असल्या चैनीला आयातीचा परवाना कोण देतो? आणि नेमका डावीकडचा पुढचा टायर झपाट्याने झिजत होता. तोही सगळा नाही, फक्त बाहेरची कड. आतल्या कडेची नक्षी जशीच्या तशी! असं का, हे कोणालाच कळेना.

*

डॉक्टर आले की आधी वाकायचे, त्या कडेवर दोन बोटं ठेवायचे आणि डोळे मिटायचे.

"नाडी बघताय की काय?" बापूने एकदा विचारलं.

"लागत नाहीये रे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती, म्हणून आम्ही हसू दाबलं.

*

बापूचा इलाज सोपा. चाकांची अदलाबदल. डावं उजवीकडे, पुढचं मागे, दर महिन्याला. झालं काय, तर हळूहळू चारही टायरांच्या बाहेरच्या कडा झिजायला लागल्या, तेव्हा अदलाबदल बंद केली.

"आता निदान सारखे तरी दिसतात," बापू म्हणाला.

*

मग गोखलेमास्तरांनी डोकं लढवलं. ते शाळेत शास्त्र शिकवायचे. म्हणाले, "डॉक्टर बसतात उजवीकडे. डावी बाजू हलकी पडते. हलकं चाक घसरतं, आणि घसरतं म्हणून झिजतं." आम्हाला पटलं. डॉक्टरांचं वजन बघता कोणालाही पटलं असतं.

रविवारी डावीकडच्या सीटवर मिठागरातली मिठाची गोण ठेवली. तिसऱ्या वळणावर ती फुटली. गाडी उघडी, वारा समोरून. डॉक्टर परत आले ते भुवयांपासून मिशीपर्यंत पांढरे. येईल त्या पेशंटला मीठ कमी खा म्हणून सांगणारा माणूस!

बापूने पाण्याचा तांब्या पुढे केला. "पथ्य मोडलंत, डॉक्टर."

*

हे वहिनींच्या कानावर गेलं. "गोण कशाला? मी बसते," म्हणाल्या. एवढं काय आहे त्या गाडीत, ते त्यांनाही बघायचं असावं.

पुढच्या खेपेला पदर खोचून बसल्या. आम्हाला वाटलं, पहिल्याच वळणावर ओरडतील. कसलं काय! उतरल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, चेहरा लालबुंद. "चला घरी, आमटी टाकायचीय," एवढंच बोलल्या. पण त्याच्या पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या आधी त्याच तयार होऊन बाकावर बसलेल्या.

*

आणि वहिनी बसायला लागल्यापासून टायर दुपटीने झिजायला लागला.

मास्तरांनी जमिनीवर खडूने पिंपं काढली आणि त्यांच्याभोवती बोटाने गाडी फिरवून बघितली. मग म्हणाले, "चुकलो. वळणं सगळी उजवीकडची आहेत. गाडी उजवीकडे वळली की भार जातो डावीकडे, थेट त्या कडेवर. डावीकडे वजन ठेवायलाच नको होतं."

"मग वहिनींना सांगा," मी म्हणालो.

"सांगणं माझ्या विषयात येत नाही," मास्तर म्हणाले.

बापूला वेगळीच शंका. "वहिनींना सगळं ठाऊक आहे. टायर लवकर संपावा म्हणूनच बसतायत त्या." त्या दिवशी डॉक्टरांनी चहाही घेतला नाही.

*

शेवटी ती कड पार गुळगुळीत झाली. आणखी एक रविवार, की आतले दोरे दिसणार. डॉक्टर बाकावर बसले आणि म्हणाले, "बापू, गिऱ्हाईक बघ. शब्द दिलाय मी." आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटलं.

तेवढ्यात वहिनी आल्या. वाकून त्यांनी कडेवर दोन बोटं ठेवली, अगदी डॉक्टरांसारखी.

"आतली कड चांगली आहे ना?"

"नवी आहे," बापू म्हणाला.

"मग उलटा करून बसवा. आतली बाजू बाहेर. यांच्या शर्टाची कॉलर विरली की मी उलटवून शिवते, तसं."

बापू रोज टायर काढायचा आणि घालायचा. त्याने मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी खडूच्या पिंपांकडे. मग बापूने मुकाट्याने जॅक लावला.

"अगं, पण तू तर हे टायर संपायची वाट बघत होतीस," डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी त्यांची कॉलर सरळ केली. "कॉलर एकदाच उलटवता येते, एवढं लक्षात ठेवा," म्हणाल्या, आणि डावीकडचं दार उघडून आत बसल्या.

"वहिनी, गाडी जॅकवर आहे," बापू म्हणाला. "चाक काढलंय मी."

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "मी बसलेय."