दुसऱ्या भागातला श्वास

ज्यांना दुसरा भाग फालतू वाटतो त्यांच्याशी मी भांडते. हे आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की बाई एकदम अंगावर आली. केस कापायला गेले तरी भांडते, दवाखान्यात नंबर लावून बसले तरी भांडते. विषय कसा निघतो ते विचारू नका. निघतो.

सिनेमा व्हॅम्पायरचा आहे. काळा डगला घालून शहर वाचवत फिरणारा व्हॅम्पायर. तीन भाग आले. पहिल्यात तो उंचच्या उंच इमारतींवरून उड्या मारतो, गुंडांच्या मानेला दात लावतो आणि त्याला साधं खरचटतही नाही. तिसऱ्यात अख्खं शहर पेटतं. मधल्यात मात्र त्याची शक्ती हळूहळू जाते, बंद पडलेलं काळीज पुन्हा चालू होतं आणि तो श्वास घ्यायला लागतो. लोक म्हणतात, हे काय, सुपरहिरो जिना चढताना धापा टाकतो? अरे शहाण्यांनो, पहिल्या भागात तो मेलेला आहे. मेलेल्याला उडी मारायला काय जातंय? दुसऱ्या भागात तो एका पोरीसाठी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारतो. मारायच्या आधी त्याचे पाय लटपटतात आणि खाली पडल्यावर घोटा मुरगळतो. आपण मरू शकतो हे ठाऊक असून जो उडी मारतो, त्याच्या त्या उडीला धाडस म्हणतात. एवढं कळत नसेल तर थिएटरात येऊ नका, घरी बसून पंख्याकडे बघा.

आता म्हणाल, हिला एवढं काय लागलंय. लागलंय, कारण या व्हॅम्पायरला आपल्या भाषेत आवाज दिला तो माझ्या दादानं.

दादा काही कलावंत वगैरे नव्हता. बुटांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकासमोर खाली बसून, त्याची टाच बुटात सरकवत, "अंगठ्याला लागतंय का?" असं विचारायचा, आणि नुसत्या त्या आवाजावर लोक लागणारे बूटसुद्धा घेऊन जायचे. वहिनी म्हणते, मी सँडल बघायला गेले होते, नवरा घेऊन आले, आणि दोन्ही परत करायची मुदत टळून गेली. घरात तो "मीठ दे" म्हणाला तरी कुठेतरी काहीतरी गंभीर घडलंय असं वाटायचं. मी डबिंगच्या स्टुडिओत आवाज कापायचं आणि जुळवायचं काम करते. व्हॅम्पायरसाठी मनासारखा आवाज मिळेना, तेव्हा मीच त्याचा हात धरून त्याला तिथे नेलं. पहिला भाग गाजला. गल्लीतली पोरं त्याला वटवाघूळकाका म्हणायला लागली. वरवर तो वैतागायचा, पण पोरं दिसली की मुद्दाम शर्टाची कॉलर वर करायचा.

आमच्या कामात दोन गोष्टी पक्क्या असतात. एक म्हणजे ओठ मिटले की तिथे प, ब, म, काहीही घाला, बघणाऱ्याला फरक कळत नाही. पडद्यावरचा माणूस त्याच्या भाषेत काहीही बरळू दे, ओठ मिटले तिथे आम्ही आमचा प, ब किंवा म बसवतो आणि वाक्य जुळवून टाकतो. आमची पोळी यावरच भाजते. दुसरी गोष्ट, मेलेल्याला श्वास नसतो. पहिल्या भागात दादाच्या प्रत्येक वाक्यामागचा श्वास मी कापून काढला होता. म्हणून तर तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो. दुसऱ्या भागात पडद्यावरच त्याची छाती वरखाली होते, म्हणून मी श्वास ठेवले. दादा तर ते शिकूनच आला होता. दुकानाचा जिना चार वेळा चढून-उतरून, तसाच धापा टाकत माइकसमोर उभा राहायचा. त्यात एक प्रसंग आहे, तो व्हॅम्पायर पहिल्यांदा गरम काहीतरी पितो, जीभ भाजते, मग कपावर फुंकर घालतो. ती फुंकर दादानं इतकी मन लावून घातली की आमचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, दादा, माइक थंड झाला.

त्यानंतर दादाचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून आम्ही काढे पाजले. सर्दी नव्हती. डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटी काढून टाकली आणि मानेला खाली एक भोक ठेवलं. आता तो त्या भोकातून श्वास घेतो. त्यावर छोटंसं फडकं बांधलेलं असतं, वहिनी ते काळ्या कापडाचं शिवते, म्हणते डगल्याला शोभलं पाहिजे. आवाज गेला हे लोकांना कळतं. पण फुंकर गेली हे कुणाच्या ध्यानात येत नाही. नाकातोंडातून हवाच जात नाही, तर चहावर फुंकर घालणार कशी? वहिनी त्याचा चहा या कपातून त्या कपात ओतून निववते आणि तो तिच्याकडे बघत बसतो.

तिसऱ्या भागाला दुसरा माणूस घेतला. तो नुसत्या डरकाळ्या फोडतो. लोकांना तोच भाग सगळ्यात भारी वाटतो, आता काय बोलायचं, आंधळं दळतं.

आवाज गेल्यापासून दादाचं बोलणं मी करते. तो ओठ हलवतो, मी वाचते आणि मोठ्यानं बोलते. जन्म ओठ जुळवण्यात गेला, मला काय अवघड? फक्त माझी जीभ थोडी लांब आहे. तो नुसतं "बरं" म्हणतो आणि मी म्हणते, "बरं म्हणतोय, पण पुन्हा असं केलंत तर याद राखा म्हणतोय." दादा कपाळाला हात लावतो.

तर परवा स्टुडिओत नवे साहेब आले. तरुण, गोड बोलणारे, शर्टाला इस्त्री. तिन्ही भाग पुन्हा थिएटरात लागणार, म्हणून त्यांनी मला बोलावलं. कुणीतरी फोनवर एक क्लिप फिरवली होती, डबिंगवाल्यांच्या चुका म्हणून. तिच्यात आमचा व्हॅम्पायर धापा टाकतो आणि खाली लोक खदाखदा हसतायत.

"ताई, व्हॅम्पायरचा श्वास ऐकू येतोय. तेवढा साफ करून टाका, पहिल्या भागासारखा."

"साहेब, तुम्ही दुसरा भाग बघितलाय?"

"क्लिप बघितलीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, लग्नाला न जाता नुसता मांडवाचा फोटो बघून जेवण कसं होतं ते सांगताय. मी म्हटलं, मी कापणार नाही. ते म्हणाले, मशीनला सांगितलं तर मशीन कापेल. आणि तेव्हाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "त्यांनाच विचारू. तुमच्या दादांनी पास म्हटलं तर तुमची काही हरकत नाही ना?"

दादा आला. जुन्या खुर्चीत बसला, कानाला हेडफोन लावले. साहेबांनी मशीनकडून साफ केलेला शेवटचा प्रसंग लावला. त्या प्रसंगात एक शब्द नाही. सकाळी तो खिडकीशी उभा असतो, तोंडावर पहिल्यांदा ऊन येतं, तो जळत नाही, आणि तो नुसता श्वास घेत राहतो. साफ केल्यावर उरलं काय? खिडकी. दादानं शेवटपर्यंत ऐकलं, साहेबांकडे बघितलं आणि ओठ हलवले. मिटले, उघडले, झालं.

मी वाचलं, पास.

त्या खोलीत, त्या खुर्चीत, टेक चांगला झाला की त्याच्या तोंडी हाच शब्द असायचा. मी खोटं कशाला बोलू? संताप आला होता, तरी जे दिसलं ते सांगितलं. "पास म्हणतोय." साहेब खूश झाले, दादाशी हात मिळवला. दादा हात सोडवून माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

रस्त्यानं मी पुढे, तो मागे. त्यानं टाळ्या वाजवल्या, मी वळले नाही. ज्याला हाक मारता येत नाही त्याच्याकडे पाठ करून चालणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात दाबणंच, पण त्या वेळी मला त्याची पर्वा नव्हती. घरी जाऊन वहिनीपुढे सगळं ओकले. "पास म्हणाला. स्वतःचा श्वास कापायला पास म्हणाला. मी इथे जगाशी भांडतेय आणि हा नंदीबैलासारखी मान हलवून आला."

दादानं ताटावर चमचा आपटला. मी बोलतच होते. मग त्यानं पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि टेबलावर भलामोठा ब काढला. त्यापुढे एक काना काढला, स काढला, आणि माझं डोकं धरून त्यावर वाकवलं.

बास.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "मी रोज आमटी वाढताना बघते. बास म्हणताना यांचा हात इथे येतो." आणि तिनं स्वतःच्या गळ्याखाली, फडकं असतं तिथे हात ठेवला. "तुम्ही नुसते ओठ बघता. हात कुठे होता ते बघितलंत का?"

हात तिथेच होता. मला आत्ता आठवलं. जन्मभर लोकांना प, ब, म विकून मी घरीच फसले होते.

दुसऱ्या दिवशी दोघं स्टुडिओत गेलो. साहेब म्हणाले, "ताई, काल तुम्हीच पास म्हणालात. आज सोयीचं नाही म्हणून बास झालं का?" माणूस वाईट नव्हता, पण मला तर तेव्हा त्याला चावावंसं वाटत होतं. मी त्यांना रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत उभं केलं, माइक बंद केला आणि म्हटलं, यांतलं एक बोला, पास, बास, मास. रेकॉर्डिंगवाल्यानं बाहेरून ओळखलं, मास. साहेब म्हणाले, मी तर पास म्हटलं. साहेब पुन्हा बोलले, रेकॉर्डिंगवाला पुन्हा चुकला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण लोक हसतायत त्याचं काय?"

तेवढ्यात दादा काचेच्या आत गेला आणि खुर्चीत बसला, हाताची घडी घालून. उठेना. बाहेर एका जाहिरातीची मंडळी खोळंबली. साहेबांनी विनवलं, दादा ढिम्म. शेवटी त्यानं ओठ हलवले, या वेळी सावकाश, हातानं पडदा दाखवत, आणि मी एक अक्षर जास्त न घालता बोलले, "आधी पूर्ण बघा."

साहेबांनी पूर्ण बघितला. आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसलो होतो, बिचारे उठून जाणार तरी कुठे? संपल्यावर त्यांनी उठून दिवे लावले. मग म्हणाले, "खरं सांगू का, मला अजूनही पहिलाच आवडतो." मी तोंड उघडलं, दादानं माझा पाय दाबला. "पण श्वास राहू दे. लोक हसले तर मला सांगायला येऊ नका."

हसले की.

दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. थिएटर निम्मं रिकामं. आमच्या पुढच्या रांगेत एक धष्टपुष्ट माणूस, मांडीवर मक्याच्या लाह्यांचा डबा, पहिल्यापासून शेरे मारत होता. जिन्यावरच्या धापा आल्या, तो म्हणाला, याला दमा झालाय. कपावरची फुंकर आली, तो म्हणाला, झोपवा रे याला. वहिनीनं माझं मनगट गच्च धरून ठेवलं होतं. दादा पडद्याकडे बघत होता. त्याच्या हातात चहाचा कागदी कप होता, वाफा येत होत्या, आणि पडद्यावरच्या फुंकरीच्या वेळी त्यानं तो तोंडासमोर धरला. मी बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

मग शेवटचा प्रसंग आला. खिडकी, ऊन, आणि दादाचा श्वास, अख्ख्या थिएटरभर. सावकाश आत, सावकाश बाहेर, तोंडातून आणि नाकातून, धडधाकट माणसाचा असतो तसा. माझ्या शेजारी काळं फडकं हलत होतं. पडद्यावरची छाती वर गेली की ते आत जायचं, खाली आली की बाहेर यायचं. इतकं अचूक मी कधी जुळवलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला रागच येतो.

पुढचा माणूस खुर्चीत वळवळला आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे, आता बोल की काहीतरी."

वहिनीनं माझं मनगट सोडलं. मी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गप बसा," मी म्हटलं. "माझा भाऊ बोलतोय."