मोठा किल्ला, मोठी बातमी

गेल्या वर्षभरात मी बाबांना जितकं फिरवलं, तितकं त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कोणी फिरवलं नसेल. ऑफिसात सोमवारी कोणी विचारलं, वीकेंडला काय केलं, तर मी सांगायचो की वडिलांना अमुक ठिकाणी नेलं होतं. समोरचा म्हणायचा, नशीबवान आहेत तुमचे वडील. मी मान डोलवायचो. ती मान मी डोलवायला नको होती.

आई त्या वेळी टेक्सासमध्ये होती, सॅन अँटोनिओला, माझ्या धाकट्या बहिणीकडे. बाबा अबुधाबीत माझ्याकडे. फलटणच्या घराला कुलूप, आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. ही वाटणी आम्ही भावंडांनी फोनवर केली होती. मी तेव्हा सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर बघत उभा होतो. बहिणीला पहिलं बाळ झालं होतं, तिची रजा संपत आली होती, जावई सकाळी गेले की रात्री घरी. आई हवीच होती. बाबांची बायपास झालेली, आणि तिकडे जुन्या दुखण्याचा विमा मिळत नव्हता. म्हणून बहीण म्हणाली, "मग बाबा तुझ्याकडे राहू देत ना दादा. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"चालेल," मी म्हटलं आणि कोथिंबिरीची एक जुडी ट्रॉलीत टाकली.

आईबाबांना आम्ही विचारलं नाही, कळवलं. तेही असं, की जणू दोघांना दोन वेगवेगळ्या सहलींचं बक्षीस लागलं आहे. बाबा एवढंच म्हणाले, "तिला थंडी सोसत नाही."

"बाबा, टेक्सास आहे ते. आपल्यापेक्षा गरम."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. दुसरी काही हरकत त्यांना सुचली नसावी, किंवा सुचलेली सांगायची नसावी. गणपती उठल्यावर आई तिकडे गेली आणि बाबा इकडे आले.

आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. आजूबाजूला तशाच व्हिला, तशाच उंच कुंपणभिंती, सगळ्या वाळूच्या रंगाच्या. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीची सगळी वर्षं नीरा उजव्या कालव्याच्या कडेने चालण्यात गेलेली. इथे पहिल्या आठवड्यात ते सकाळी चालायला गेले आणि घर सापडेना म्हणून मशिदीसमोर उभे राहिले. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, "कालवा असता तर चुकलो नसतो. इथे सगळ्या भिंतीच." त्यानंतर ते कंपाउंडच्या आतच फेऱ्या मारू लागले. उन्हाळ्यात तर तेही बंद.

दिवसातून एकदा मात्र ते नक्की खाली उतरायचे. माझी मुलगी आठ वर्षांची. शाळेची बस दुपारी येते, आणि घरचं मोठं माणूस गेटवर नसेल तर बसवाली बाई मुलांना उतरवत नाही. बाबा येण्याआधी या बसपायी माझ्या बायकोने नोकरी सोडली होती. बाबा आल्यावर तिला दुसरी लागली. बस यायच्या कितीतरी आधी बाबा गेटच्या सावलीत जाऊन उभे राहायचे. मुलगी उतरली की दप्तर त्यांच्या हातात देऊन म्हणायची, "यल्ला, चला आजोबा, इट्स सो हॉट!"

आईशी गाठ रविवारी संध्याकाळी पडायची. आमच्याकडे दिवे लागलेले असायचे, तिकडे सकाळ. बहिणीने पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं की आईला नुसतं घरात बसवायचं नाही, रविवारी काहीतरी दाखवायचं. आणि ती दाखवत असताना फोन असा धरायचा, की बाबांनाही दिसेल.

पहिल्यांदा तिने अलामो दाखवला. शहराच्या मधोमध, मोठमोठ्या इमारतींच्या गराड्यात एक बुटकी दगडी इमारत.

"एवढंसंच?" आई म्हणाली. "आपली तहसील कचेरी याच्यापेक्षा मोठी आहे."

"आई, हळू. इथले लोक याला फार मानतात," बहीण म्हणाली. "मेक्सिकोच्या सैन्याचा वेढा पडला होता. आतले सगळे मारले गेले."

"म्हणजे हरले ते लोक?"

"हो."

"आणि एवढी गर्दी हरलेलं बघायला?"

बाबा फोनच्या अगदी जवळ सरकले. "अगं, विचार तिला, आत पाणी कुठून घेत होते?"

आईने फोन फिरवला, विहीर दाखवली, आणि मग दोघं त्या विहिरीबद्दलच बोलत बसले. रिव्हर वॉकला नेलं तेव्हा आई म्हणाली, "अहो, इथे नदी रस्त्याच्या खाली आहे. जिना उतरून जायचं, आणि काठावर नुसती हॉटेलं." बाबा म्हणाले, "घाट म्हण की मग." मी आणि बायको सोफ्यावर बसून हसायचो. वाटायचं, चाललंय की बरं.

मग आईचं परतीचं तिकीट पुढे ढकललं. बहिणीचा फोन शुक्रवारी आला होता, तीन-चार महिन्यांचे सहा करू या म्हणून. बाबांना कसं सांगावं हे मला कळेना. शनिवारी मी त्यांना मोठ्या पांढऱ्या मशिदीत नेलं. त्यांनी संगमरवरावर हात फिरवला, झुंबरं बघितली, आणि पार्किंगमध्ये पट्टा लावता लावता मी तिकिटाचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." पुढे ते सहा महिनेही संपत आले आणि आईचा व्हिसा वाढवायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना दुबईला नेऊन जगातल्या सगळ्यात उंच इमारतीवर चढवलं. तिथे काचेशी उभं राहून सांगितलं. "बरं," ते म्हणाले. "खाली दिसतंय ते पाणी समुद्राचं का बांधलेलं?"

मी हे ठरवून करत होतो असं नाही. पण करत होतो. घरात समोरासमोर बसून सांगायचं म्हटलं की माझी जीभ रेटत नसे. बाहेर, काहीतरी भव्य शेजारी असलं, की ते सांगणं जरा लहान वाटायचं.

या सप्टेंबरात तिसऱ्यांदा ती वेळ आली. बाळ पाळणाघरात टिकत नव्हतं, सारखं आजारी पडत होतं. बहीण फोनवर रडत होती. "आणखी एकदा वाढवून मिळेल, वकील म्हणतोय. शेवटचं, दादा."

"अगं, बाबा इथे..." मी सुरुवात केली.

"बाबा काय? तुझ्या मुलीच्या वेळी आई तुझ्याकडे दोन वर्षं होती. बाबा फलटणला एकटे हाताने भाकऱ्या थापत होते. तेव्हा मी बोलले का काही?"

ती बोलली नव्हती. पण मी गप्प बसलो त्याला फक्त हेच कारण नव्हतं. आई परत आली की बाबा तिच्याबरोबर फलटणला जाणार, आणि दुपारी गेटवर उभं कोण राहणार? बहिणीपुढे मी हे कधी उच्चारलं नाही. बायकोशीही बोललो नाही, आणि तीही बोलली नाही. बहिणीची अडचण सगळ्यांना दिसत होती. माझी सोय कोणाला दिसत नव्हती, एवढाच फरक.

शनिवारी मी बाबांना अल ऐनला नेलं. दीड तासाचा रस्ता, दोन्हीकडे वाळू, काचा बंद. मी रस्ताभर उत्साहाने किल्ल्याबद्दल सांगत होतो. आधी जुना मातीचा किल्ला दाखवला, मग खजुरांच्या बागेत नेलं. बागेत उन्हातही सावली असते, आणि मातीच्या बुटक्या भिंतींच्या कडेने पाट वाहतो. डोंगरातून आणलेलं पाणी, पूर्वीपासून प्रत्येकाच्या बागेला पाळीने दिलेलं. मला वाटलं, बाबा वाकून बघतील, विचारतील. ते भिंतीवर टेकले आणि म्हणाले, "बोल आता."

"काय बोलू?"

"एवढ्या लांब आणलंस. मशीद दाखवलीस तेव्हा तिकीट पुढे गेलं. ती उंच बिल्डिंग दाखवलीस तेव्हा व्हिसा वाढला. आज तर मोठा किल्ला आणि वर बाग. म्हणजे बातमीही मोठी असणार."

मी म्हटलं, "बाबा, तसं नाही..."

"तुझ्या आईचंही तेच आहे. ती मला म्हणाली, अहो, पोरीने गाडी काढली की मला कळतं, काहीतरी सांगायचं असणार. त्या मिशनमध्ये नेलं होतं ना तिला, पाद्र्यांचा मोठा वाडा होता तो? तिथे पोरीने वाचून दाखवलं, की तिथले लोक घंटेवर उठायचे, घंटेवर जेवायचे, भिंतीतल्या खोल्यांत राहायचे. तुझी आई म्हणाली, आणि परत कधी जायचे? तेव्हा पोरगी रडायला लागली. त्याच दिवशी सांगितलं तिला, मुक्काम वाढला म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या रविवारच्या फोनखेरीज ते दोघं आणखी बोलतात, हेही माहीत नव्हतं.

"किती?" बाबांनी विचारलं.

"आणखी सहा महिने."

"बरं," ते म्हणाले. मग भिंतीवरून उठत, "पुढच्या वेळी घरीच सांग रे. तुझं पेट्रोल तरी वाचेल." आणि हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. मी पाण्याच्या बाटल्या आणायच्या निमित्ताने तिथून निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. बहिणीने आईला शहराबाहेर नेलं होतं, जुन्या मिशनवाल्यांनी शेतीसाठी बांधलेला दगडी जलसेतू दाखवायला. ओढ्यावरून कमानी, आणि कमानींवरून पाट. "खास बाबांसाठी शोधलाय," ती म्हणाली. तिचा आवाज फार उत्साही होता. तो आवाज मी ओळखला, कारण आदल्या दिवशी गाडीत माझाही तसाच होता.

"पाणी आहे का अजून?" बाबांनी विचारलं.

"आहे. चाललंय," आई म्हणाली. बहिणीने फोन खाली धरला. गढूळ, संथ पाणी, त्यावर एक पान. दोघं बराच वेळ ते बघत होते. मग बहिणीने फोन आईकडे वळवला. वर्षभरात आई वाळली होती. दर रविवारी मागे काहीतरी प्रेक्षणीय असायचं, त्यामुळे मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "इथलं सगळं बघून झालं हो. किल्ला झाला, नदी झाली, मनोरा झाला, जपानी बाग झाली. माझ्या व्हिसावर टुरिस्ट लिहिलंय, ते मी अगदी चोख बजावलं. काल हिला विचारलं, आता काय राहिलं? म्हणते, ऑस्टिनला जाऊ. मी म्हटलं, बाई, गावच बदलायचं तर फलटणला जाऊ."

बहीण दिसत नव्हती, फोन तिच्याच हातात होता. तो हलायला लागला. पाट, आभाळ, आईची चप्पल, असं काहीबाही दिसत राहिलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. मुलगी म्हणाली, "इज आत्या क्राइंग?"

मी म्हटलं, "आई, व्हिसा संपायच्या आत तुझं तिकीट काढतो. ताई, तू रडू नकोस. आपण दोघं बोलू." बहीण माझ्याहून लहान, पण रडायला लागली की मी तिला लहानपणापासून ताई म्हणतो. त्या आठवड्यात आम्ही तीनदा बोललो. एकदा तिने फोन आपटला. जावयांनी ऑफिसात अर्ज करून आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं, उरलेल्या दिवसांसाठी कॉलनीतली एक बाई ठरली. हे वर्षापूर्वीही करता आलं असतं, असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी मी हॉलमध्ये आलो, तर बाबा पायमोजे घेऊन बसले होते.

"बाहेर नाही जायचं बाबा," मी म्हटलं. "घरीच सांगतो." आणि समोर बसून आईच्या तिकिटाची तारीख सांगितली.

त्यांनी ती दोनदा विचारली. मग म्हणाले, "माझं आठ दिवस आधीचं काढ. घर वर्षभर बंद आहे. टाकी धुवायची, गॅसचं बघायचं. ती आल्या आल्या झाडू घेईल हातात, ते नको."

"काढतो."

"आणि पोरीच्या बसचं काय करणार आहेस?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच मला मान वर ठेवता येईना. पहिल्या दिवसापासून, त्या गेटच्या सावलीत उभं राहून, ते हे ओळखून होते.

"बघतो काहीतरी," मी म्हटलं.

"बघ. तोवर मी आहेच की." त्यांनी एक पायमोजा चढवला. दुसरा हातात तसाच धरून म्हणाले, "चल, निघू या. तुला अजून काही सांगायचं नसेल, तर त्या बागेतल्या पाटाकडे परत ने. त्या दिवशी तुझ्या बातमीच्या नादात काही नीट बघितलं नाही."