काखेतलं हेल्मेट

"आधी टोपी दे, मग इंग्लिश बोल."

सिस्टरांचं हे वाक्य आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममधल्या एकूण एक पोराला पाठ होतं. लेबनीज, इजिप्शियन, नायजेरियन, मल्याळी, सगळ्यांना. मराठीचा दुसरा शब्द न येणारी ही धिप्पाड पोरं 'टोपी' म्हटलं की मुकाट्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून सिस्टरांच्या हातात द्यायची. त्याला हेल्मेट म्हणायला त्या तयारच नव्हत्या. हेल्मेट म्हटलं की पोरांना वाटतं आता डोक्याला काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आज आमच्या मैदानावर हे वाक्य म्हणायला कुणी नाही, आणि का नाही हे सांगताना माझं डोकं अजून तापतं.

फुटबॉल म्हणजे आपला तो पायानं खेळायचा नव्हे हं. अमेरिकन. लांबट चेंडू पोटाशी धरून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवा पाडायचा. अबू धाबीतल्या आमच्या कॉलेजचा अभ्यासक्रम अमेरिकन, तेव्हा खेळही अमेरिकन हवा असं कुणाच्या तरी मनात आलं. मी स्टुडंट अफेअर्समध्ये. टीमची बस, पाणी, परवानग्या माझ्याकडे. सिस्टर आमच्या क्लिनिकच्या नर्स, मूळच्या वसईच्या. मॅचला नर्स हजर पाहिजे असा नियम, म्हणून त्या यायच्या. खेळाचा त्यांना मनस्वी तिटकारा. "सर, हा खेळ आहे की सिमेंटच्या गोणी उतरवायचं काम?" असं विचारत बाकावर क्रोशाचं विणकाम काढून बसायच्या. तुम्हाला वाटेल बाईंचं लक्ष नाही. अहो, कसलं! कुणी जोरात आपटला की सुई जागच्या जागी थांबायची.

मग आपटलेल्या पोराची परीक्षा. सकाळी काय खाल्लंस? आज वार कोणता? महिने उलटे म्हण. अरबी पोरांना अरबीत, आपल्यांना हिंदीत. पास झाला तर टोपी परत आणि पाठीत धपाटा, "यल्ला, पळ." नापास झाला तर खलास. मग कोच येवो नाहीतर कोचचा बाप, टोपी मिळायची नाही.

टीममध्ये मराठी पोरगा एकच, अथर्व. मोहम्मद बिन झायद सिटीत माझ्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या सबनीसांचा मुलगा. त्याला त्या मुद्दाम मराठी महिने विचारायच्या, फाल्गुनापासून उलटे. "सिस्टर, दॅट्स नॉट फेअर! सुलटे पण येत नाहीत मला," तो ओरडायचा. "मग आईला सांग शिकवायला," म्हणत त्या त्याला इंग्रजी महिन्यांवर सोडायच्या. वाऱ्यासारखा पळायचा तो. त्याच्या हातात चेंडू आला की सिस्टर विणकाम पार खाली ठेवून द्यायच्या, पण हे कुणी बोलून दाखवलेलं त्यांना खपायचं नाही.

एकदा एका पोराला त्यांनी बसवून ठेवलं, तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, "सिस्टर, तो स्वतः म्हणतोय ना, ठीक आहे म्हणून."

त्यांनी सुई थांबवली नाही. म्हणाल्या, "सर, मी आधी जबल अलीला होते, कामगारांच्या कॅम्पच्या क्लिनिकात. एक माणूस परांचीवरून पडला. डोक्यावर हेल्मेट होतं. 'ठीक हूँ सिस्टर' म्हणाला, हसला. मी गोळी दिली आणि जाऊ दिलं. संध्याकाळी बस कॅम्पवर आली, सगळे उतरले. तो उतरलाच नाही. बसल्या जागी गेला होता." थोडं विणून झाल्यावर म्हणाल्या, "तेव्हापासून ठीक आहे म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही."

त्यानंतर मी त्यांच्या मध्ये कधी पडलो नाही.

त्या सीझनला आम्ही पहिल्या दोन मॅच सपाटून हरलो. मग पोरांना काय झालं कोण जाणे, अशी पेटली की सलग पाच जिंकून थेट फायनलला. कॉलेजला एकदम साक्षात्कार झाला की आपल्याला टीम आहे! बॅनर लागले, डायरेक्टर साहेबांनी टीमच्या नावाची नवी कॅप घातली. त्यातून बातमी आली की फायनल बघायला अमेरिकेतल्या एका कॉलेजचा माणूस येणार, अथर्वला बघायला. आवडला तर तिकडे स्कॉलरशिप. सबनीस लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी पोरगा अमेरिकेत."

फायनलला तिसऱ्या क्वार्टरमध्ये अथर्व चेंडू घेऊन सुटला आणि दोघांनी त्याला दोन बाजूंनी घेतलं. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. मी दहा-बारा पावलांवर उभा होतो. पोरगा उठला, अंग झटकलं, आणि चालत चालत समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्यात! त्यांच्या जर्सी लाल, याची निळी. स्टँडमध्ये हशा पिकला. सिस्टर तोवर मैदानात पोहोचल्याही होत्या.

बाकावर आणून परीक्षा. स्कोअर त्यानं बरोबर सांगितला. सकाळी काय खाल्लं ते सांगितलं. वार विचारला तर म्हणाला गुरुवार. होता शनिवार.

"टोपी," सिस्टर म्हणाल्या.

कोच धावत आला. "ही नोज द स्कोअर! ही इज टॉकिंग!" त्याच्यामागून सबनीस जाळी ओलांडून आले. "सिस्टर, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे हो!"

"माझापण तोच प्रश्न आहे," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्याच आयुष्याचा."

हेल्मेट त्यांच्या डाव्या काखेत आणि उजव्या मुठीत अथर्वचं मनगट. कोच किंचाळला, सबनीसांनी हात जोडले, मग तोंडाला येईल ते बोलले, पोरगा स्वतः रडला. या पाच फुटी बाईनं ना काख सैल केली ना मूठ. चौथ्या क्वार्टरला अमेरिकेचा माणूस उठून गेला. आम्ही पाच पॉइंटांनी हरलो.

हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला. रिपोर्ट नॉर्मल. माइल्ड मार आहे, दोन आठवडे विश्रांती. झालं! "बघा, काहीच नव्हतं!" म्हणत सबनीस तो कागद घेऊन डायरेक्टरकडे. आता मला सांगा, काही झालं नाही म्हणजे काही झालंच नसतं का? पुन्हा एक दणका बसला असता तर? पण त्याला खेळू देऊन बाई चुकली असती तर पुरावा मिळाला असता, आणि बरोबर ठरली तर पुराव्याला उरतं काय? एक धडधाकट पोरगा! अख्खं कॉलेज त्याच्याकडे बोट दाखवून तिला गुन्हेगार म्हणत होतं. असला संताप येतो म्हणून सांगू!

चौकशी बसली. मैदानावर जवळ होते त्यांनी लेखी जबाब द्यायचा होता. प्रश्न साधा होता, खेळाडूच्या वागण्यात तुम्हाला स्वतःला काही वेगळं दिसलं का?

आदल्या दिवशी लिफ्टमध्ये सबनीस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुम्ही आपली माणसं." डायरेक्टर साहेब कॉरिडॉरमध्ये सहज म्हणाले, तुझं काँट्रॅक्ट रिन्यूअलही याच महिन्यात आहे ना? मुलगी बारावीला. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर. हे सगळं खरं आहे. ते पुढे करून मी सुटतो असं नाही.

मी लिहिलं, 'समोरून ऊन असल्यामुळे मला नीट दिसू शकलं नाही.' ऊन माझ्या पाठीमागे होतं.

सिस्टरांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण काय, तर विभागाची पुनर्रचना. दुखापत झालेल्या खेळाडूबद्दल यापुढे कोच ठरवील, असं सर्क्युलर निघालं. ते माझ्याच सहीनं सगळ्यांना गेलं. निरोपाचा केक नाही, ग्रुपवर चार ओळी नाहीत. नियमाप्रमाणे चौकशीतले सगळे जबाब तेवढे त्यांना वाचायला दिले होते.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. प्रथमोपचाराची बॅग आणि वॉकीटॉकी परत केल्याबद्दल माझी सही लागत होती. मी खाली मान घालून सही केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "वसईलाच जाणार ना आता?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि क्लिनिकची एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "सर, ही तुमची. माझ्याकडून शेवटची."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी होती. वर माझं नाव, वय. तक्रारीच्या रकान्यात त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'समोरचं दिसत नाही.' खाली सही, शिक्का, सगळं रीतसर.

मी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या पेशंटकडे बघावं तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"लवकर दाखवून घ्या," म्हणाल्या. "दुर्लक्ष केलं की वाढत जातं."

आणि गेल्या.

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं.