अज्जांना म्हणावं

आमच्या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसतं. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात हळूच समजावलं, काय असेल ते मधल्या माणसाला सांगायचं. माझं माहेर अकलूजचं, तिथं मी बापाशी तोंडावर भांडायची. इथं चहा झाला की नवऱ्याला सांगायचं, मामांना म्हणावं, चहा झालाय. मामा म्हणजे माझे सासरे. ते हातभर अंतरावर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू जायचं. तरी नवरा तेच पुन्हा सांगेपर्यंत पेपरातून मान वर निघायची नाही. घरात तिसरं कुणी नसलं तर मी कुकरला सांगायची, सिलेंडरवाला आलाय म्हणावं. मामा निमूट उठून दार उघडायचे. हसू नका, सोळा वर्षं आमचं असंच चाललं होतं.

पुढं सासूबाई गेल्या, नवरा कंपनीत शिफ्टला जायला लागला, आणि मधलं माणूस झाली माझी मुलगी. बोलायला लागल्यापासून ती हेच करतेय. आईचं अज्जांना, अज्जांचं आईला. सासरचे मूळचे कानडी, तिकडं आजोबांना अज्जा म्हणतात. केवढी चुणचुणीत पोर, म्हणून मी कौतुक करत बसले. तिच्या डोक्यावर काय ओझं ठेवलंय ते मला दिसलंच नाही.

गेल्या वर्षी ती नववीत होती. खो-खो लई चांगला खेळते. जिल्ह्याच्या शिबिराला तिची निवड झाली, पंधरा दिवस बाहेरगावी राहायचं. शुक्रवारी पाचपर्यंत फॉर्मवर घरच्यांची सही हवी, नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलीला.

सोमवारी तिनं मला विचारलं. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते, तेव्हा शेंगदाणे कुटत होते. माझ्या मनात हो होतं, अगदी उड्या मारत हो. पण तोंडाला सवय लागलेली. म्हणाले, अज्जांना विचार, ते म्हणतील तसं.

ती गेली आणि परत येऊन म्हणाली, अज्जा काहीच बोलले नाहीत. झालं! म्हाताऱ्याला नातीचं सुख बघवत नाही, असं मी ठरवूनच टाकलं. चार दिवस भांडी आपटली. मामाही तोंड फुगवून, अर्धा चहा कपात तसाच ठेवून उठायचे. त्यावर मी आणखी पेटायची. आणि पोर आमच्या दोघांच्या मधून गुपचूप शाळेला जायची, यायची.

शुक्रवारी चार वाजता शाळेतल्या सरांचा फोन आला. मुलगी घरचे नको म्हणतात म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं, म्हणून एकदा तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं. माझ्या हातातलं मुसळ तिथंच राहिलं. पोरीनं खोटं सांगितलं नव्हतं. हो म्हणून मी तिला कधी म्हटलंच नव्हतं. लाज वाटली मला, खरंच सांगते, लई लाज वाटली.

चटणीनं लाल झालेल्या हातांनीच मी बाहेर गेले. मामा कट्ट्यावर बसले होते, शेजारी दोन म्हातारे. मी समोर उभी राहिले. 

"मामा, मला पोरीला शिबिराला पाठवायचंय. तुमचं काय म्हणणं आहे ते मला सांगा. मलाच."

मामांनी आधी सवयीनं नात कुठं दिसते का ते बघितलं. शेजारचे म्हातारे रस्त्याकडं बघायला लागले. मग मामा उठले.

"मला बी पाठवायचंच हाय की. मी म्हनीन तसं करायचं, असा तुझा निरोप आला. मला वाटलं, तुलाच नको हाय अन् माझ्या तोंडातनं वदवून घेतीस. म्हनून गप बसलो."

दोघांनाही हो म्हणायचं होतं, आणि दोघांनी मिळून पोरीचं वाटोळं करत आणलं होतं! मला हसावं का रडावं कळेना. मामांनी तोवर लुना काढली. बस, म्हणाले. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी सासऱ्यांच्या मागं बसले, आणि सगळ्या गल्लीनं बघितलं. बघू दे. शाळेच्या फाटकावर वॉचमननं मामांना हात केला, आज लवकर आलात म्हणाला. म्हणजे हे रोज संध्याकाळी फिरायला जातो असं सांगून नातीचा खेळ बघायला येत होते.

पाचला दहा मिनिटं असताना मी सही केली. कागदावर चटणीचा अंगठा उठला. मामांनी, कुणी मागितली नसताना, खाली आपलीही सही ठोकली, कानडीत.

पोर मैदानावरून पळत आली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं.

"कुणी कुणाला सांगितलं?"

"मी," मी मामांकडं हात करून म्हणाले, "ह्यांना."

तिनं तिथंच, धुळीत, मला मिठी मारली आणि मोठ्यानं रडली. मला एवढा आनंद माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

शिबिराला निघताना गाडीच्या खिडकीतून तिनं आम्हा दोघांना दम दिला, आता मी पंधरा दिवस नाही, बोलाल ना नीट? मामा म्हणाले, बोलू की. तिसऱ्याच दिवशी चटणीतल्या लसणावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. समोरासमोर, मध्ये कुणी नाही. संध्याकाळी पोरीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघंही तिला एकदमच सांगायला लागलो, आणि ती पलीकडं नुसती हसत राहिली.