काल रात्री इथे कोण झोपलं होतं

एस्नार्ट काम्वेन्दो चौदा वर्षं मलावीच्या गावागावांत घरोघरी जाऊन माहिती गोळा करते. नामसोकोत तिने आदल्या आठवड्यात एकशे साठ घरांच्या दारांवर खडूने क्रमांक घातले होते. कार्यालयाने एक ते आठमधला एक आकडा चिठ्ठीने काढला, पाच. तिथून प्रत्येक आठवं घर घ्यायचं, अशी वीस घरं. कुणी भेटलं नाही तर तीनदा जायचं, पण शेजारचं घर घ्यायचं नाही. "सोयीची घरं निवडलीस तर तुझी सोय मोजली जाईल, गाव नाही," असं कार्यालयातले साहेब बजावत.

मधल्या दिवसांत चहाच्या मळ्यांकडून अफवा आली: रात्री माणसं येतात आणि झोपलेल्यांचं रक्त ओढून नेतात. नामसोकोचे पुरुष कोयते घेऊन जागू लागले.

हे एस्नार्टला पाचव्या घरी कळलं नाही, तिथे कुलूप होतं. तेराव्या घरी नाफिरी म्हातारीने चटई टाकली. एस्नार्टने छापील पहिला प्रश्न विचारला. त्याचा एक शब्दही बदलायची परवानगी नसते.

"काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?"

म्हातारी उठून उभी राहिली आणि ओरडली. पाच मिनिटांत अंगण भरलं. कुणीतरी एस्नार्टची पिशवी उलटी केली. खडू आणि निवडलेल्या घरांची यादी बाहेर पडली. एकाने ती वाचली.

"पाच, तेरा, एकवीस... मधली सात घरं का सोडलीस गं? त्यांचं रक्त कडू आहे?"

"सगळ्यांना विचारायची गरज नसते, दादा. थोड्या घरांवरून अख्खं गाव कळतं."

प्रशिक्षणात शिकवलेलं हे वाक्य तिने शेकडो वेळा म्हटलं होतं.

"ऐकलंत?" नाफिरी म्हणाली. "चेटूकवालाही एवढंच करतो. नखाचा तुकडा नेतो, की अख्खा माणूस त्याचा."

गावप्रमुख पुढे आला. "सोडा रे तिला. सरकारी बाई आहे."

"तुमच्या दारावर तीनचा आकडा आहे, यादीत नाही, म्हणून तोंड सुटलंय," मागून कुणीतरी म्हणालं. कोयता घेतलेला एक जण एस्नार्टच्या इतका जवळ आला की त्याच्या घामाचा वास तिला येत होता.

"आकडा पुन्हा काढू," ती म्हणाली. "इथेच. आजी काढतील."

यामुळे कार्यालय अख्खं काम रद्द करू शकतं, हे तिला माहीत होतं. तिने मक्याच्या आठ दाण्यांवर पेनाने एक ते आठ लिहिलं, दाणे पेल्यात टाकले आणि पेला पुढे केला. नाफिरीने डोळे मिटून एक दाणा उचलला.

तीन.

गावप्रमुखाचा चेहरा राखेसारखा झाला. "माझ्या घरी आज कुणी नाही," तो म्हणाला.

"तुम्ही आहात की, प्रमुख! बसा आता सरकारी बाईपुढे," कोयतेवाला म्हणाला. लोक हसले, पण वाट कुणी सोडली नाही.

एस्नार्ट त्याच्या ओट्यावर बसली. पहिला प्रश्न वगळता आला असता. पण मग पुढचे सगळे निरर्थक होते. तिने तो हळू आवाजात वाचला.

गावप्रमुखाने सगळ्यांकडे पाहिलं. "कुणीच झोपलं नव्हतं," तो म्हणाला. "आठ दिवसांत या गावात कुणी झोपलेलं नाही."

तिने शून्य लिहिलं. मग अकरा, एकोणीस, सत्तावीस. लोक सोबत चालत होते, कोयते आता खांद्यावर होते. वीस घरं, वीस शून्यं.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "वीस घरांत एकही माणूस झोपला नाही? झाडाखाली बसून भरलेस का फॉर्म?"

"नाही, साहेब. तुम्हीच या ना तपासायला. एक रात्र राहा."

तपासायला कुणी गेलं नाही. नामसोको त्या वर्षीच्या आकड्यांत नाही.